साडेचार ऋचा

माझी मान हलते, हे मला पहिल्यांदा एका जर्मन बाईंनी सांगितलं.

जर्मनीतल्या येना शहरात आमचा मराठी मंडळींचा गणपती बसतो तो शनिवार-रविवार गाठूनच. गावाबाहेर बागवाल्यांच्या एका क्लबचा हॉल भाड्याने मिळतो. छताला धुराचा अलार्म आहे, त्यामुळे उदबत्ती एकच, तीही उघड्या खिडकीत. पूजा मी सांगतो. मी गुरुजी नाही. भिंगांवर प्रकाश परतू नये म्हणून जे पातळ थर चढवतात, ते चढवणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर आहे. पण आमच्यात वैदिकाचा मुलगा मी एकटाच, आणि गुरुजींचा मुलगा म्हणजे गुरुजी, हे गणित विमानातून येतानाही कुणी मागे टाकलेलं नाही. "गुरुजी, लवकर उरकाल ना? पोरांना भुका लागल्यात," असं एक जण दर वर्षी म्हणतो. मीही दर वर्षी "उरकतो" म्हणतो आणि उरकतो.

त्या वर्षी त्या बाई कुणाच्या तरी शेजारीण म्हणून आल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, केस बारीक कापलेले, पायांतले डोंगर चढायचे बूट कुणी न सांगता दाराशी काढलेले. जेवणाच्या रांगेत माझ्यामागे उभ्या होत्या. हळूच इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही म्हणत होता तेव्हा तुमची मान हलत होती. खालच्या स्वराला खाली, वरच्या स्वराला वर. हे पुस्तकातून येत नाही. कुणी शिकवलं?"

"वडिलांनी," मी म्हणालो.

इथपर्यंत खरं होतं.

बाई जवळच्याच एका विद्यापीठात वेदांच्या पठणावर काम करतात, हे मग कळलं. पानात श्रीखंड घेता घेता त्यांनी विचारलं, "किती शिकलात?"

"आमच्याकडे सातवं मंडल पोरासोरांनाही पाठ असायचं," मी म्हणालो.

हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा मनात फिरवून पाहिलं. फार सोयीचं वाक्य आहे. 'आमच्याकडे' म्हणजे वडिलांकडे, त्यांच्या वडिलांकडे. त्यात मी आहे असं मी म्हटलं नव्हतं, आणि नाही असंही नव्हतं. मी मुळात कमी बोलतो. बायको म्हणते, आपला डिशवॉशर तुझ्यापेक्षा जास्त बोलतो. पण कमी बोलणारा माणूस खरंच बोलतो असा लोकांचा समज असतो, आणि तो मी कधी मोडला नाही.

खरं ते असं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. कृष्णाकाठच्या आमच्या गावात अण्णा वैदिक होते, अजून आहेत. ऋग्वेद त्यांना तोंडपाठ. माझी मुंज झाल्यावर शाळेआधी ते मला संथा द्यायला लागले. संथा म्हणजे त्यांनी ऋचेचा तुकडा एकदा म्हणायचा, मी दोनदा. मग अर्धी ऋचा, मग पूर्ण. समोर पुस्तक नाही. माझ्या मानेवर त्यांचा हात. स्वर खाली गेला की हात मान दाबायचा, वर गेला की सोडायचा. काही महिन्यांनी हात काढून घेतला तरी मान आपली चालूच राहते. आई स्वयंपाकघरातून ऐकायची. माझं चुकलं की तिकडे पळी आपटल्याचा आवाज यायचा, म्हणजे तिला येत होतं. पण तिने कधी तोंडाने म्हटलं नाही. तिला म्हणू देत नव्हते, की तीच म्हणत नव्हती, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात बरंच काही विचारायचं राहिलं.

सातवीत मला गणिताच्या शिष्यवृत्तीचा सकाळचा क्लास लागला. एके दिवशी मी म्हणालो, "उद्यापासून मी बसणार नाही." अण्णा "बरं" म्हणाले. त्या दिवसापासून या विषयावर आमच्यात शब्द निघाला नाही. त्यांनी काढला नाही, मीही नाही.

बाईंनी त्या दिवशी आणखी एक विचारलं, आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. "तुम्ही गणपतीला ज्या ऋचेने बोलावलंत, ती वेदात गणपतीची नाही. ब्रह्मणस्पतीची आहे. हे तुमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं का?"

मला ठाऊक नव्हतं. मी मान हलवली. ती कुठल्या स्वराने हलवली देव जाणे.

नंतर ट्राममधून कामाला जाताना मी त्यावर विचार करू लागलो. वेदात सगळ्यात जास्त सूक्तं आहेत इंद्राला, आणि मी आयुष्यात इंद्राचं देऊळ पाहिलेलं नाही. अग्नी आहे, वरुण आहे, उषा आहे. आमच्या देवघरात यांतलं कुणी नाही. देवघरात गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, आणि त्या बोटभर बाळकृष्णाला पाणी घालताना आपण म्हणतो ते सूक्त आहे हजार डोक्यांच्या पुरुषाचं, ज्याचा यज्ञ करून जग झालं! एकेका ऋचेला एकेक उपचार वाटून दिलेला: हिला आसन, हिला स्नान, हिला वस्त्र. देव बदलले, आवाज तेवढा राहिला. जुन्या घरातली माणसं गेली, नवी राहायला आली, पण दाराची कडी वाजते तशीच वाजते, तसं काहीतरी. आपल्याकडे अर्थ हवा असेल तर माणूस गीतेकडे जातो, अभंगांकडे जातो. वेदाकडे कुणी अर्थासाठी जात नाही. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीत तो आवाज झाला पाहिजे, नाहीतर कार्य झाल्यासारखं वाटत नाही. मग तो आवाज करणाऱ्याला काय येतं आणि काय नाही, हे कोण बघणार? इतकी वर्षं माझं याच्यावरच निभावलं होतं.

बाईंचा पुढे फोन आला. त्यांना घरात, वडिलांकडून मुलाकडे आलेलं पठण रेकॉर्ड करायचं होतं. पूजेतली नेहमीची सूक्तं नकोत, ती कॅसेटी ऐकून सगळीकडे सारखीच झालीत. "बेडकांचं सूक्त येतं? सातव्या मंडलातलं?"

मी हसलो. कारण मी नेमका त्याच सूक्तात संथा सोडून उठलो होतो. माझं लक्ष लागेना म्हणून अण्णांनी क्रम सोडून मुद्दाम ते काढलं होतं. सूक्ताआधी ऋषी कोण, देवता कोण, छंद कोणता हे म्हणायचं असतं. देवता कोण, तर बेडूक! मला हसू आवरेना. अण्णा म्हणाले होते, "हसून घे. मग म्हण." वर्षभर मौनव्रत घेतल्यासारखे पडून राहिलेले बेडूक पावसाने जागे होतात आणि एकमेकांशी बोलायला लागतात, असं ते सूक्त. एवढा अर्थ अण्णांनी सांगितला होता.

"येतं," मी बाईंना म्हणालो.

"पूर्ण?"

"पूर्ण."

हे मात्र सरळ खोटं. त्याला 'आमच्याकडे'ची सोय नव्हती. का बोललो? कंपनीत मला भारताबद्दल जे विचारतात ते करीबद्दल. माझ्या मानेकडे बघून कुणीतरी विचारलं होतं की हे कुठून आलं. तो प्रश्न हातचा जाऊ नये असं वाटलं. एवढंच. याहून चांगलं कारण मी शोधलं, पण मिळालं नाही.

त्यांनी तेर्मिन दिली. इथे न्हाव्याकडे जायलाही आधी वेळ ठरवावी लागते, मग बेडकांना तर लागणारच. दिवस हातात होते. पहिल्या चार ऋचा आणि पाचवीचा अर्धा भाग म्हणून पाहिला, तर आला. जसाच्या तसा आला, मलाच आश्चर्य वाटलं. पुढचं मी फोनवर शोधलं. दक्षिणेतल्या कुणा वैदिकाचा व्हिडिओ मिळाला, आवाज स्वच्छ. ट्राममध्ये कानात लावून ओठांतल्या ओठांत, आणि घरी भांडी विसळताना मोठ्याने. मुलगी चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. ती एकदा दारात उभी राहून म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलंय की तुमच्याकडे कुणी आजारी आहे का.

त्या व्हिडिओत सहावी ऋचा संपली की जाहिरात यायची. दर वेळी तिथेच. गुडघेदुखीचं तेल. एक आजोबा जिना चढताना कळवळायचे, आणि 'वगळा' असं बटण येईपर्यंत मला थांबावं लागायचं. मग अंगठा दाबायचा की सातवी ऋचा सुरू.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे कपाटाएवढी जागा, भिंतींना स्पंज. आत गेल्यावर स्वतःचा श्वास ऐकू येतो. बाई काचेपलीकडे. मी डोळे मिटले आणि दहाच्या दहा ऋचा म्हटल्या. कुठे अडलो नाही. बाहेर आलो तेव्हा बाईंचे डोळे चकाकत होते. दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा."

मी नमस्कार सांगितला नाही.

थंडी पडायला लागल्यावर त्यांची लांबलचक मेल आली. रेकॉर्डिंग त्यांनी बारकाईने ऐकलं होतं. एक गोष्ट त्यांना फार महत्त्वाची वाटत होती: सहाव्या ऋचेनंतर मी थांबतो. चांगला ठसठशीत थांबतो, आणि मग नव्याने उचलल्यासारखी सातवी सुरू करतो. हे त्यांनी आजवर कुठल्याच पठणात ऐकलं नव्हतं. आणि अर्थाने पाहिलं तर जागा अगदी बरोबर होती! पहिल्या ऋचेतली व्रताची उपमा सोडली तर सहावीपर्यंत बेडूक हे बेडूकच असतात, कुणी गाईसारखा हंबरतो, कुणी बोकडासारखा ओरडतो, कुणी ठिपक्यांचा, कुणी हिरवा. सातवीपासून मात्र ते सोमयागात भरल्या पात्राभोवती बसलेले ब्राह्मण होतात. तर हे मुळात दोन तुकडे असतील का, आणि त्यांचा जुना सांधा एखाद्याच घराण्याच्या श्वासात टिकून राहिला असेल का? पुढच्या आठवड्यात त्या हे सहकाऱ्यांपुढे मांडणार होत्या. निबंधात माझ्या वडिलांचं नाव घालायला आणि गावाची परंपरा म्हणून उल्लेख करायला परवानगी हवी होती. आणि शक्य असेल तर अण्णांशी एकदा बोलायचं होतं.

मी मेल पुन्हा वाचली. रेकॉर्डिंगच्या वेळी तिथे माझा अंगठा हलला होता, हे मला तेव्हा आठवलं.

"काय झालं? चेहरा का असा?" बायकोने विचारलं. मी सांगितलं. ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे बेडकांच्या मधोमध गुडघ्याचं तेल!"

"हसू नकोस."

"अरे, मग सांगून टाक की त्यांना."

"काय सांगू?"

"हेच. मला सांगितलंस तसं."

"तुला सांगणं वेगळं."

"का? मला काय किंमत नाही?"

मुलगी सोफ्यावरून मान न उचलता म्हणाली, "पापा, दास इस्ट फेक." याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

माझं खोटं पकडलं जाईल, ही भीती होतीच. पण त्याखाली दुसरी होती, आणि ती मोठी होती. अण्णांनी आयुष्यभर एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. त्यांच्या नावावर आता एक जाहिरात चढणार होती. परक्या देशात, छापून. आणि ती चढवणारा मी.

तरी मी बाईंना लिहिलं नाही. आधी पळवाट पाहिली. अण्णाही कदाचित तिथे थांबत असतील! तसं निघालं तर काहीच सांगायला नको. म्हणून रविवारी दुपारी मी घरी व्हिडिओ कॉल लावला. नेहमीप्रमाणे आईने उचलला आणि नेहमीप्रमाणे मला पंखा दिसला.

"आई, जरा अण्णांना दे."

"का रे? बरा आहेस ना?"

"बरा आहे. त्यांना एक विचारायचंय."

"माझ्याकडे सांग, मी विचारते. नेहमी तसंच तर चालतं तुमचं."

"नको. त्यांनाच दे."

थोडी खुडबुड झाली. "अहो, इकडे बघा, यात बघा, कानाला नाही लावायचा," आणि मग अण्णांचं कपाळ दिसलं.

"बोल."

"अण्णा, ते बेडकांचं सूक्त..."

कपाळ आणखी जवळ आलं. मग अण्णा म्हणाले, "त्याचं काय? तू पाचवी अर्धी टाकून उठला होतास."

ते विसरले असतील असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"सहावी झाल्यावर थांबतात का, अण्णा?"

"कोण?"

"म्हणणारे."

"कशाला थांबतील?"

"श्वास घ्यायला."

"श्वास प्रत्येक ऋचेला घ्यायचा. त्याला थांबणं म्हणत नाहीत. आणि बेडूक थांबतो का? पाऊस लागला की चालूच."

झालं. पळवाट बुजली. मी फोन ठेवू शकलो असतो. पण त्या कपाळाकडे बघत बघत मी सगळं सांगून टाकलं: बाई, मान, 'पूर्ण येतं', व्हिडिओ, जाहिरात. बोलताना मी फ्रीजवर चिकटवलेल्या कचरा नेण्याच्या वेळापत्रकाकडे बघत होतो. संपलं तेव्हा वाटलं, आता ते फोन आईच्या हातात देतील.

"जाहिरात कशाची?" अण्णांनी विचारलं.

"गुडघेदुखीच्या तेलाची."

"लागू पडतं का?"

"अण्णा..."

"हिचे दुखतात म्हणून विचारतो."

"माझे कशाला?" आई बाजूने म्हणाली. "कालच धरून बसला होतात ना खांबाला?"

"बरं, दोघांचे दुखतात." अण्णांनी फोन जवळ धरला. मग आवाज बदलला. "नाव कुणाचं घालणार म्हणतात?"

"तुमचं. आणि आपल्या परंपरेचं."

"साडेचार ऋचा माझ्या. तेवढ्याला घालायचं तर घालू दे. पुढचं त्या तेलवाल्याचं. हे त्या बाईंना सांग."

"सांगतो."

"कधी?"

"बघतो."

"बघू नकोस. सांग."

दुसऱ्या दिवशी कंपनीतून लवकर निघालो आणि रेल्वेने त्यांच्या गावी गेलो. मेलवर लिहिता आलं असतं. पण लिहायला बसलो असतो तर पुन्हा एखादं 'आमच्याकडे' सापडलं असतं, याची मला खात्री होती. त्यांच्या खोलीत जाऊन कोट न काढता, उभ्यानेच सांगितलं. जर्मनमध्ये सांगितलं, कारण त्या भाषेत मला आडवळणं येत नाहीत.

"आल्झो," बाई म्हणाल्या, म्हणजे 'असं तर'. खिडकीबाहेर कुणीतरी पानं झोडणारं यंत्र चालवत होतं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला त्या खोलीत उभं असताना माहीत होतं?"

"निम्मं वडिलांकडचं नाही, हे माहीत होतं. थांब्याचं नव्हतं."

"पहिली गोष्ट वाईट आहे," त्या म्हणाल्या. "दुसरी नुसती गंमत आहे. त्या थांब्यावर माझा अर्धा निबंध उभा आहे."

मी माफी मागितली. त्यांनी ती झटकलीही नाही, घेतलीही नाही. "मी आता कॉफी आणते. एकटीच जाते," असं म्हणून गेल्या. मी तसाच कोटात बसलो. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन कप होते, आणि चेहऱ्यावर राग होता तसाच होता, पण त्याच्या कडेने दुसरं काहीतरी आत येऊ बघत होतं. माणूस स्वतःच्या उत्सुकतेपुढे किती लाचार असतो, ते मी तिथे पाहिलं.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "तुमचे वडील कुठे संपतात?"

रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा आवाज परक्याचा वाटतो. स्क्रीनवर त्याच्या रेघा उमटत होत्या, डोंगर आणि दऱ्या. सहावीनंतरचा तो सपाट माळ मला लगेच दिसला आणि मी मान खाली घातली. पण बाई सुरुवातीकडे गेल्या. "हे बघा. पहिल्या ऋचांमध्ये प्रत्येक तुकड्यानंतर बारीक फट आहे. कानाला कळत नाही, पण आहे. तुम्ही शिकलात तसं म्हणताय. कुणीतरी तुकडा द्यायचा, तुम्ही परत करायचा. त्याच्यासाठी जागा सोडलीय."

"संथा," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी तेच. आणि फोनवरच्या भागात अशी एकही फट नाही. तिथे फक्त तेल आहे." त्यांना हसू आलं, आणि ते आलं म्हणून त्या स्वतःवरच चिडल्यासारख्या वाटल्या. "आता सांगा, तुम्ही पाचवीच्या मध्यावर उठलात. मग या फटी पाचवीच्या शेवटापर्यंत कशा?"

मी पाहिलं. खरंच होत्या. पाचवीचा उरलेला अर्धा भाग मी फोनवरून शिकलो होतो. निदान तसं मी समजत होतो.

"तुम्ही उठलात त्यानंतर वडिलांनी ती म्हटली नाही का?"

आणि मला ती सकाळ आठवली. मी क्लासला जायला बुटांचे बंद बांधत होतो. आत अण्णांचा आवाज सुरू झाला, रोजच्याच वेळी, मी टाकलेल्या अर्ध्या ऋचेपासून. ते रोज स्वतःसाठी म्हणत तसं सलग म्हणत नव्हते. एक तुकडा म्हणून थांबत होते. मग पुढचा, आणि थांबणं. मला तेव्हा वाटलं, माझ्यावरचा राग. मी बंद तसेच ठेवून पळालो. हे मी बाईंना सांगितलं. मग कॉफी प्यायलो. ती गार झाली होती.

"अर्ध्या ऋचेवरून काही सिद्ध होत नाही," बाई म्हणाल्या. मग जरा मऊपणे, "आणि मी यापुढे थांब्यांवर काही बांधणार नाही."

मग आम्ही बराच वेळ बोललो. त्या फोनवरच्या वैदिकाने कुणाकडून घेतलं असेल? वडिलांकडून, की कुणा दुसऱ्या फोनवरून? वेदाला आपण श्रुती म्हणतो, ऐकलेलं. कशातून ऐकलेलं, याची अट कुणी कधी घातली होती का? बाई म्हणाल्या, बहुतेक कुणाच्या डोक्यातच आलं नसेल की माणसाशिवाय आवाज असू शकतो. त्या निबंध मागे घेणार होत्या. माझं रेकॉर्डिंग परंपरेचा नमुना म्हणून कुठेही वापरणार नव्हत्या आणि पुन्हा मागणारही नव्हत्या, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते लागलं, पण लागायला हवंच होतं.

"पण तुमच्या उत्तराची वाट न बघता मी तुमच्या वडिलांचं नाव निबंधात लिहून टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांच्याशी मला बोलायचंय. आत्ता चालेल?"

गावी रात्र झाली असणार. मी फोन लावला. पंखा, मग कपाळ. "अण्णा, त्या बाई आहेत. मी सांगितलं त्यांना."

"सगळं?"

"सगळं."

"दे."

मी फोन बाईंच्या पुढे धरला. त्यांनी हात जोडले आणि संस्कृतमध्ये बोलायला लागल्या. सावकाश, पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द खाली ठेवत. अण्णा एकदम सावरून बसले. अण्णांना संस्कृत बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. बोलायला त्यांच्यासमोर कधी कुणी नसेल. आधी अडखळले, मध्येच "थांबा हं" असं मराठीत म्हणाले, आणि मग वाहायला लागले. बाई काहीतरी विचारत होत्या, अण्णा बोटं उघडून सांगत होते. एकदा दोघंही हसले. 'मण्डूक' एवढा शब्द मला ओळखू आला. मी दोघांच्या मधे फोन धरून उभा होतो, आणि हात भरून आला होता.

फोनच्या कडेला आईचं अर्धं तोंड दिसायला लागलं.

"काय म्हणतायत रे दोघं?"

"मला नाही कळत, आई."

"असं कसं? तू तर तिकडे सगळ्यांच्या पूजा सांगतोस."

"पाठ आहे तेवढं म्हणतो. अर्थ येत नाही. आणि पाठही सगळं नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. "हे यांना ठाऊक आहे?"

"आता आहे."

"मग गप्प राहा जरा," आई म्हणाली. "मला ऐकू दे."